अर्जदार भीमराव आंबेडकर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र छापण्याचा परिपाठ आहे. गेली काही वर्षे संपादक मंडळी हे काम आमच्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकाच्या गळ्यात घालीत आली आहेत आणि आम्हीही ते आनंदाने पत्करीत आलो आहोत. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढील विद्येची दालने आम्ही बाहेरूनच पाहिली. सबब विद्वानांच्या विद्वत्तेची चर्चा आम्ही करीत नाही. ती विद्या त्यांनी कोणत्या कष्टाने मिळविली एवढेच सांगतो.

यंदा कोणाचे चरित्र घ्यावे या विचारात असता दिवाळीच्या सुट्टीत एक प्रसंग घडला. आपल्या मंडळाच्या एका सभासद कुटुंबातील मुलगा अमेरिकेतील एका साधारण कॉलेजात दुसऱ्या वर्षास आहे. त्यास तेथून एखाद्या नामांकित विद्यापीठात बदली घ्यावयाची आहे. त्याचे वडील कागदपत्रांची जाड फाईल घेऊन आमच्याकडे आले. मुलाने समजावून सांगितले ते ऐकून आम्ही थक्क झालो. पहिल्या वर्षास प्रवेश मिळणे कठीण, तर मधूनच प्रवेश मिळणे त्याहून कठीण. हार्वर्डसारखे विद्यापीठ अशा बदलीच्या जागा अगदी मोजक्या देते. प्रिन्स्टनने तर १९९० पासून हा दरवाजा बंदच ठेवला होता, तो २०१८ साली पुन्हा उघडला. शिकलेल्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम सादर करावा लागतो, त्यांतील किती विषय नवे विद्यापीठ जमेस धरील ते त्याच्या मर्जीवर. प्राध्यापकांची पत्रे हवीत, जुन्या शाळेचे गुण हवेत, खर्चाच्या तरतुदीचा पुरावा हवा. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक साहाय्य मागितले तर पुष्कळ ठिकाणी तीच गोष्ट त्याच्या निवडीच्या आड येते.

हे सारे ऐकत असता आम्हांस राहून राहून एका अर्जदाराची आठवण येत होती. त्याने शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कहून लंडनला, लंडनहून परत मुंबईला, मुंबईहून पुन्हा लंडनला आणि मध्येच जर्मनीतील बॉनला अर्ज केले. त्या अर्जदाराचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. घटनेचे शिल्पकार, दलितांचे नेते, कायदेमंत्री म्हणून सर्व जग त्यांस ओळखते. त्या बाबासाहेबांविषयी आम्ही नवे काय लिहिणार? येथे आम्ही केवळ विद्यार्थी भीमरावांविषयी लिहितो.

एक गोष्ट प्रथमच सांगून टाकतो. आपले मंडळ एका ज्ञातीचे आहे. ज्यांनी जातिसंस्थेवर आयुष्यभर घाव घातले त्यांचे चरित्र ज्ञातीच्या स्मरणिकेत, वधूवर सूचीच्या पानांशेजारी छापावे काय, असा प्रश्न आमच्याच मनात आला व कार्यकारिणीतील दोघा ज्येष्ठांनीही तो उपस्थित केला. त्यावर चर्चा झाली आणि लेख घ्यावा असे ठरले. वाचकांनी काय ते ठरवावे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सुभेदार लष्करात शिक्षक होते व मुलांच्या शिक्षणाविषयी अत्यंत दक्ष होते. शाळेत अस्पृश्य म्हणून वेगळे बसणे, पाण्याला हात न लावू देणे, हे सर्व वाचकांस ठाऊक आहे. आम्ही शिक्षक असल्याने एक गोष्ट मात्र विशेष टोचते. मुलास संस्कृत शिकण्याची इच्छा होती. ते शिकू दिले गेले नाही, म्हणून फारसी घ्यावे लागले. पुढे आयुष्यात त्यांनी संस्कृत स्वतःच्या प्रयत्नाने शिकून घेतले. परंतु वर्गात हात वर करून बसलेल्या मुलास, तुला हा विषय नाही, असे सांगणारा शिक्षकच होता, हे आम्हांस विसरता येत नाही.

एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या वेळी झालेल्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांस स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. हे केळुसकर गुरुजी वेगळ्या ज्ञातीचे, व्यवसायाने शिक्षक. बागेत वाचीत बसलेला हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी त्यास सोडले नाही. पुढे महाविद्यालयीन शिक्षणास पैसे नाहीत असे दिसताच त्यांनीच भीमरावांस श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांजपुढे नेले व महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्या बळावर १९१२ साली भीमराव बी.ए. झाले.

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी सुभेदारांचे निधन झाले. घरी पत्नी रमाबाई व जेमतेम काही महिन्यांचा यशवंत. त्याच वर्षी बडोदे सरकार काही विद्यार्थी अमेरिकेस पाठविणार होते. भीमरावांनी अर्ज केला, त्यांची निवड झाली आणि ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी. करारातील ही शेवटची अट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पहिले काही महिने नव्या देशाच्या मोकळेपणात गेले. तेथे कोणी जात विचारीत नव्हते, कोणी दूर उभे राहावयास सांगत नव्हते. लवकरच ते सावध झाले व मग अभ्यासास असे जुंपले की दिवसाचे अठरा अठरा तास वाचनात जाऊ लागले. अर्थशास्त्राचे २९ व इतिहासाचे ११ अभ्यासक्रम त्यांनी केले; शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र व राज्यशास्त्र यांचेही. फ्रेंच व जर्मन भाषांचे प्राथमिक वर्गही त्यांनी केले. एका पदवीसाठी इतके काही करावे लागत नाही. ज्यास जेवणाचे ताट पहिल्यांदाच पुढे आले आहे तो वाढलेल्यापैकी काही टाकीत नाही, असाच हा प्रकार होता. जॉन ड्यूई, सेलिग्मन, रॉबिन्सन, गिडिंग्ज अशा नामवंत अध्यापकांचा सहवास त्यांस लाभला. १९१५ साली ते एम.ए. झाले.

मे १९१६ मध्ये प्रा. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला. तो पुढील वर्षी इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्याच जातीत विवाह करण्याचे बंधन हेच जातीचे मर्म होय, असे त्यात त्यांनी प्रतिपादन केले. पंचवीस वर्षे वयाच्या विद्यार्थ्याचा तो निबंध आजही जगभर वाचला जातो. वर ज्या वधूवर सूचीचा उल्लेख आम्ही केला तो याचसाठी.

याच सुमारास पीएच.डी.चा प्रबंधही त्यांनी सादर केला. परंतु कोलंबियाचा नियम असा होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठास दिल्याशिवाय पदवी हाती पडावयाची नाही. छपाईस पैसे कोठून आणावे? पदवीचे काम पुरे झाले आणि पदवी मात्र अधांतरी राहिली. ही गोष्ट पुढे अकरा वर्षे तशीच लोंबत राहिली.

शिष्यवृत्तीची तीन वर्षे १९१६ च्या जूनमध्ये संपत होती. भीमरावांच्या मनात लंडनचे विद्यापीठ भरले होते. अर्थशास्त्राचे माहेरघर ते, शिवाय हिंदुस्थानच्या कारभाराची मूळ कागदपत्रे तेथील ग्रंथालयांत होती आणि बॅरिस्टरही तेथेच होता येत होते. सन १९१४ पासून महायुद्ध पेटले होते व अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या. अशा दिवसांत ते जहाजावर चढले. मागाहून प्रा. सेलिग्मन यांचे शिफारसपत्र लंडनच्या अर्थशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांच्या नावे गेले. आम्ही या पत्राचा उल्लेख मुद्दाम करतो. सेलिग्मन हे त्या काळच्या अर्थशास्त्रज्ञांतील अग्रगण्य पुरुष. त्यांनी एका परदेशी विद्यार्थ्यासाठी लेखणी उचलली ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहून नव्हे. तीन वर्षे त्याचे काम त्यांनी वर्गात पाहिले होते म्हणून.

ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे भीमरावांचे नाव दाखल झाले व नोव्हेंबरमध्ये ग्रेज इन या बॅरिस्टरीच्या संस्थेत. आता येथे पाहण्यासारखी गोष्ट आहे. न्यूयॉर्कला ज्यांची एम.ए. झाली, डॉक्टरेटचा प्रबंध लिहून झाला, त्यांस लंडनमध्ये एम.एस्सी.च्या पायरीवर बसावे लागले. भूगोलासाठी मॅकिंडर व समाजविचारासाठी हॉबहाउस अशा अध्यापकांच्या वर्गांस ते इतर विद्यार्थ्यांसमवेत जाऊन बसू लागले. एका विद्यापीठाचे नाणे दुसऱ्या विद्यापीठात जसेच्या तसे चालत नाही, त्यावर बट्टा पडतोच. आमच्याकडे आलेल्या मुलास नेमकी हीच चिंता होती, की दोन वर्षे शिकलो ती नव्या ठिकाणी धरतील की पुन्हा आरंभापासून. भीमरावांनी या बट्ट्याविषयी तक्रार केल्याचे कोठे दिसत नाही. ते पुन्हा विद्यार्थी झाले.

पण वर्षही पुरे झाले नाही तोच बडोद्याची मुदत संपली व परत येण्याची आज्ञा झाली. अर्धवट अभ्यास टाकून निघावे लागले. तथापि निघण्यापूर्वी त्यांनी एक व्यवहारी काम केले: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी विद्यापीठाकडून रीतसर मिळविली. खिशात पैसा नाही, परत येण्याचा भरवसा नाही, तरी दार लावून घेताना कडी आतून लागणार नाही याची खबरदारी त्यांनी घेतली. पुढील सर्व काही या एका परवानगीवर उभे राहिले.

परतीच्या प्रवासात ते स्वतः सुखरूप पोहोचले. परंतु त्यांचे सामान व पुस्तके दुसऱ्या जहाजावर होती आणि ते जहाज जर्मन पाणतीराने बुडविले. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत पोटास चिमटा घेऊन घेतलेली पुस्तके ती. ज्यांनी आयुष्यात पाच-पन्नास पुस्तके स्वतःच्या पगारातून घेतली असतील त्यांसच या दुःखाची कल्पना येईल. त्या नुकसानीची जी भरपाई मिळाली तिच्यातून भीमरावांनी बडोद्यास जाण्याचा खर्च भागविला.

करारातील दहा वर्षे पुरी करण्यासाठी ते बडोद्यास गेले. तेथे काय घडले ते पुष्कळांनी लिहिले आहे, आम्ही थोडक्यात सांगतो. कोलंबियाचा हा विद्वान कचेरीत येऊ लागला तेव्हा शिपाई त्याच्या टेबलावर कागद लांबून फेकीत. शहरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव आला व त्यांस बाहेर काढले. त्या दिवशी बडोद्याच्या बागेत झाडाखाली बसून ते रडले. नोकरी सोडून मुंबईस आले. ज्या जातीचा विसर न्यूयॉर्कमध्ये पडला होता ती बोटीतून उतरताच पुन्हा अंगावर आली.

त्यानंतरची तीन वर्षे लंडनला परतण्याच्या तयारीची. शिकवण्या केल्या, धंदा करून पाहिला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पगार ४५० रुपये. वर्गात विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांनी भारावून जात, आणि प्राध्यापकांच्या खोलीत त्यांनी पाण्याच्या भांड्यास हात लावण्यास काही सहकाऱ्यांची हरकत होती. पगार मोठा होता, पण संसार परळच्या चाळीतील दोन खोल्यांत होता. रमाबाईंनी काटकसर करावी व भीमरावांनी शिल्लक टाकावी, असा क्रम चालला. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. शिल्लक पुरी पडणार नव्हती. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी १५०० रुपये दिले आणि अमेरिकेतील वसतिगृहाचे जुने मित्र नवल भथेना यांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले. एक मराठा राजा, एक पारशी मित्र, आणि पूर्वी ते केळुसकर गुरुजी व गायकवाड महाराज! स्वतःच्या ज्ञातीपाशी देण्यासारखे द्रव्य नव्हते हे तर खरेच. पण ज्यांपाशी होते त्यांनी ज्ञात पाहिली नाही.

सप्टेंबर १९२० मध्ये ते लंडनला परत दाखल झाले. चार वर्षांच्या मुदतीतले तिसरे वर्ष संपत आले होते. फीदेखील मागच्यापेक्षा एका गिनीने वाढली होती, आणि ज्यास पेनीपेनीचा हिशोब ठेवावा लागतो त्यास गिनी थोडी नव्हे. एका घरी खोली घेतली. सकाळी पावाचा तुकडा व चहा. नंतर पायी चालत ब्रिटिश म्यूझियमचे ग्रंथालय गाठावयाचे ते ते बंद होईतो. दुपारच्या जेवणाचा प्रश्न बहुधा सोडूनच दिलेला. रात्री बोव्हरील नावाचे मांसाच्या अर्काचे कढत पेय आणि एका मित्राने दिलेल्या डब्यातील चार पापड. मध्यरात्रीनंतर भूक लागली की पुन्हा तेच. खोलीतला सोबती झोपून उठला तरी हे वाचीतच असत. ज्या माणसाने मुंबईत दरमहा साडेचारशे रुपये मिळविले तो चार पापडांवर रात्र काढीत होता, आणि इकडे परळच्या चाळीत रमाबाई मुलाबाळांचे आजारपण एकटीने काढीत होत्या. त्यांची पाच अपत्ये झाली. त्यांतील एकटा यशवंत जगला. भीमरावांच्या पदव्यांची यादी ज्या ज्या ठिकाणी छापली जाते त्या त्या ठिकाणी या बाईच्या नावे एखादी ओळ छापली जावी असे आम्हांस वाटते.

आता एक लहानसा प्रसंग. १९२१ च्या उन्हाळ्यात एम.एस्सी.ची परीक्षा. एप्रिल महिन्यात असे लक्षात आले की परीक्षेस बसण्याचा अर्ज भीमरावांनी मुदतीत पाठविलेलाच नाही! दिवसाचे अठरा तास वाचणारा, चार वर्षांची परवानगी आधीच घेऊन ठेवणारा मनुष्य एक साधा कागद पाठविण्यास चुकला. अशा चुकीने वर्ष जाते. आणि ज्याच्या पाठीशी उसने पैसे आहेत त्याचे वर्ष गेले म्हणजे सर्वच गेले. त्या वेळी संस्थेच्या सचिव मिसेस मेअर या बाईंनी लंडन विद्यापीठाच्या निबंधकास पत्र लिहून उशिराचा अर्ज स्वीकारण्याची विनंती केली. तो स्वीकारला गेला. जून १९२१ मध्ये भीमराव एम.एस्सी. झाले.

हे वाचले त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, त्याचे कारण लिहिणे आम्हांस भाग आहे. आम्ही नोकरीत असता आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक विद्यार्थी एके दिवशी आमच्या घरी आला. परदेशच्या एका विद्यापीठात अर्ज करावयाचा होता व जुन्या शिक्षकाचे इंग्रजी पत्र हवे होते. मुलगा हुशार होता, गरीब होता, आम्ही त्यास चांगले ओळखीत होतो. आम्ही होकार दिला. मग लिहावयास बसलो तेव्हा आमच्या इंग्रजीची आम्हांस लाज वाटू लागली. चूक झाली तर परदेशातले लोक हसतील, मुलाचेच नुकसान होईल, असे मनाशी म्हणून पत्र आज उद्या करीत राहिलो. कोणाकडून तपासून घेण्याचेही धैर्य झाले नाही. मुलगा दोनदा आला, संकोचाने काही न बोलता चहा घेऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तारीख टळून गेली होती. त्याने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. पुढे तो येथेच नोकरीस लागला व सुखी आहे. परंतु रस्त्यात भेटून नमस्कार करतो तेव्हा आमची मान खाली जाते. मिसेस मेअर यांचे ते पत्र चार ओळींचे असेल. तेवढेच आमच्याकडून झाले नाही.

असो. एम.एस्सी. होण्यापूर्वीच, १९२१ च्या आरंभी, भीमरावांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठाच्या प्रवेशासाठी आणखी एक अर्ज केला होता. हा अर्ज त्यांनी स्वतः जर्मन भाषेत लिहिला. कोलंबियातील ते प्राथमिक वर्ग येथे कामी आले. १९२२ च्या एप्रिलमध्ये तेथे त्यांचे नाव दाखलही झाले. परंतु लंडनचा प्रबंध, बॅरिस्टरी आणि रिकामा खिसा यांत बॉनच्या व्याख्यानांस हजर राहणे जमले नाही व जानेवारी १९२३ मध्ये गैरहजेरीमुळे त्यांचे नाव पटावरून कमी करण्यात आले. पटावरून नाव कमी होणे म्हणजे काय ते आम्हां शिक्षकांस चांगले ठाऊक आहे. बाबासाहेबांच्या चरित्रकारांपैकी काहींनी ही हकीकत घाईने उरकली आहे. आम्हांस ती मोलाची वाटते. मिळालेला प्रत्येक प्रवेश कडेस गेलाच, असे त्यांच्याही बाबतीत झाले नाही.

१९२२ च्या जूनमध्ये ग्रेज इनने त्यांस बॅरिस्टरीची सनद दिली. लंडनच्या डी.एस्सी. पदवीसाठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणावर त्यात सडेतोड टीका होती. परीक्षकांनी तो पहिल्या खेपेस मान्य केला नाही. फेरफार करून पुन्हा सादर करावा असे ठरले. तोपर्यंत पैसा संपला होता. एप्रिल १९२३ मध्ये भीमराव मुंबईस परतले आणि मुंबईत बसून त्यांनी तो प्रबंध पुन्हा लिहिला. निष्कर्ष मात्र त्यांनी बदलले नाहीत. ऑगस्टमध्ये तो लंडनला पुन्हा सादर झाला व नोव्हेंबरमध्ये मान्य झाला. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांचे त्यांतील काही मतांशी पटत नव्हते. तरी ग्रंथ छापला गेला तेव्हा त्यास प्रस्तावना त्यांनीच लिहिली. असा गुरू मिळणे हेही भाग्यच.

राहता राहिली ती कोलंबियाची लोंबकळलेली पदवी. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये छापला गेला. त्यास प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांच्या नावे. छापील प्रती न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि जून १९२७ मध्ये कोलंबियाने त्यांस पीएच.डी. बहाल केली. बडोद्याच्या करारावर सही केली त्यास त्या वेळी चौदा वर्षे झाली होती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन गेला होता. म्हणजे जगातील दोन मोठ्या विद्यापीठांनी डॉक्टर म्हणून मान्य केलेल्या या मनुष्यास आपल्याच देशात तळ्याचे पाणी पिण्यासाठी हजारोंचा मोर्चा न्यावा लागला.

पुढील चरित्र सर्वश्रुत आहे. गोलमेज परिषदा, पुणे करार, घटना समिती, १९५६ च्या ऑक्टोबरमधील नागपूरची धम्मदीक्षा, आणि त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी दिल्ली येथे महापरिनिर्वाण. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांस सन्माननीय डॉक्टरेट देण्यासाठी न्यूयॉर्कला बोलाविले तेव्हा ते प्रकृतीने खंगले होते, तरी गेले. रमाबाई त्यापूर्वीच, २७ मे १९३५ रोजी निवर्तल्या होत्या.

ज्या मुलामुळे हा लेख लिहिला गेला त्याचे अर्ज या स्मरणिकेच्या छपाईपूर्वीच रवाना झाले आहेत. त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र वेळेवर मिळाले, ते आम्ही स्वतः जाऊन आणले. सभासद कुटुंबांतील, अथवा सभासद नसलेल्या कुटुंबांतीलही, ज्या मुलामुलींस परदेशी किंवा स्वदेशी विद्यापीठांसाठी दाखले, गुणपत्रकांच्या प्रती किंवा जुन्या शिक्षकांची पत्रे मिळवावयाची असतील त्यांनी रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात यावे. आम्ही तेथे असतो. इंग्रजी तपासून देण्याचे काम दोघा तरुण प्राध्यापकांनी पत्करले आहे. येताना अर्जाची अखेरची तारीख कागदावर लिहून आणावी.